आंबोलीला जाऊया, पण रविवारी नको

कोल्हापूर

प्रिय पक्या,

तुझा मेसेज वाचला. येतोयस ते लई भारी झालं, पण तू जो प्लॅन टाकलायस ना, रविवारी सकाळी कोल्हापुरातनं निघायचं, आंबोलीचा धबधबा करायचा, सावंतवाडीत जेवायचं, मग शिरोड्याचा समुद्र आणि रात्री घरी, तो मी मोठ्यानं वाचून दाखवला तर बायको म्हणाली, ह्यांना मित्र भेटायला पाहिजे की ड्रायव्हर पाहिजे?

तर पहिलं म्हणजे रविवार कॅन्सल. तू पुण्यात बसून आंबोली म्हणजे आपण कॉलेजात सीबीएसवरनं, म्हणजे मध्यवर्ती स्टँडवरनं एसटी पकडून, उभ्यानं धक्के खात गेलेलो तीच समजतोयस. आता जुलैतल्या शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची जी रांग लागते ती बघवत नाही, कोल्हापूरचे, बेळगावचे, गोव्याचे सगळे तिथंच, पोलीस बंदोबस्त, बाटल्या शोधायला चेकिंग, कुणीतरी रस्त्याच्या मधोमध गाडी लावून स्पीकर सुरू करून नाचतंय. आणि १५ ऑगस्टला जोडून सुट्टी आली तर विषयच संपला. तू सोमवारची रजा टाक. सोमवार नाही जमला तर मंगळवार. त्याच पायऱ्या, तेच पाणी, फक्त माणसं कमी.

निघायचं साडेपाचला. हो, साडेपाचलाच, मिसळ खाऊन निघू असलं काही काढू नकोस, कारण मिसळीच्या नादात नऊ वाजतात आपल्याला ठाऊक आहे. हायवेनं निपाणी, तिथनं उत्तूर, आजरा आणि मग आंबोली. शंभर-सव्वाशे किलोमीटर होतं, पण पावसात तीन तास धरून चाल, खड्डे यंदा कुठं पडलेत ते गेल्यावरच कळणार. आजऱ्यात चहा-नाष्टा करू आणि पेट्रोल भरून घेऊ, पुढं नेटवर्कचाही भरवसा नाही त्यामुळं ऑफिसला काय सांगायचंय ते तिथनंच सांगून टाक. वेळ असला तर येताना आजऱ्याचा घनसाळ तांदूळ घे, वहिनी खूश होतील, वास घरभर पसरतो.

आता मुख्य धबधब्याचं खरं सांगतो. तो आहे गाव ओलांडून सावंतवाडीकडं घाट उतरताना, एकदम रस्त्याला लागून. थोडं तिकीट घेतात, पायऱ्या बांधल्यात, वर जाऊन पाण्याखाली उभं राहता येतं. पोरांना मजा येणारच, पण दीड तासात बघून होतो रे तो. आणि माकडं आहेत, हातात कणीस दिसलं की गेलंच समज. म्हणून मी म्हणतोय की सकाळी पोचल्या पोचल्या तोच उरकायचा, गर्दी व्हायच्या आधी, आणि मग परत वर गावात यायचं, खाली कोकणात उतरायचंच नाही. सावंतवाडीला उतरलो की तासभर जायला, तासभर यायला, जेवणात दोन तास, दिवस संपला. शिरोड्याला वेगळा ये की थंडीत, समुद्र कुठं पळून चाललाय.

वरती बघण्यासारखं जास्त आहे. बेळगावच्या रस्त्याला नांगरतास आहे, तो धबधबा मला मोठ्यापेक्षा आवडतो. अंगावर घ्यायचा नाही तो, वरनं बघायचा, दगडात एक अरुंद खोल घळ आहे त्यात सगळं पाणी कोंबल्यासारखं पडतं आणि आवाज असा येतो की शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं.

मग हिरण्यकेशी नदीचा उगम. गुहेतनं पाणी येतं, पुढं कुंड आणि देऊळ. तुझ्या लेकीला सायन्सचं वेड आहे ना, तिला आधीच सांगून ठेव की तिथल्या कुंडात एक छोटासा मासा आहे, गावातले देवाचा मासा म्हणतात, त्याची नवीन प्रजाती म्हणून नोंद झाली २०२० साली, शिस्टुरा हिरण्यकेशी असं नाव दिलं, आणि पुढच्याच वर्षी सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. त्यामुळं कुंडात पाय घालून बसणं, फरसाण टाकणं सगळं बंद. तुला मुद्दाम सांगतोय.

आणि अजून एक गंमत तिला सांग. घाटातल्या धबधब्याचं पाणी खाली कोकणात जाऊन अरबी समुद्राला मिळतं, आणि गावाच्या ह्या बाजूला उगम पावणारी हिरण्यकेशी मात्र उलटी पूर्वेला आजरा, गडहिंग्लज करत घटप्रभेला मिळते. म्हणजे तेच पाणी पुढं गोकाकच्या धबधब्यावरनं पडतं आणि कृष्णेतनं पार बंगालच्या उपसागरात. एकाच गावावर पडलेला पाऊस दोन समुद्रांना. आणि पाऊस तरी केवढा, वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास, आपल्या कोल्हापुरात हजार झाला तरी पंचगंगेकडं बघत बसतो आपण.

कावळेसादला दुपारी जाऊ. गेळे गावात आहे. धुकं असलं तर समोर नुसता पांढरा पडदा, काहीच दिसणार नाही, अर्धा तास थांबायची तयारी पाहिजे, मग वाऱ्यानं फाटतं आणि दरी दिसते, आणि वारा जोरात असला तर दरीत पडणारं पाणी उलटं वर उडून आपल्याच तोंडावर येतं. फक्त पोरांना रेलिंगच्या अलीकडं धरून ठेवायचं आणि तुला पण, फोटोसाठी तू काय करतोस ते मी बघितलंय.

जेवण मी घरनं बांधून घेतो, भाकरी, खर्डा, पिठलं, दही. तिथं थाळी मिळते पण भुकेल्या वेळी ऑर्डर देऊन बसणं नको. कपड्यांचा एक जोड जास्त आण, जीन्स नको, वाळत नाही आणि ओली जीन्स घालून परत येताना रडशील. चप्पल पण नको, सँडल किंवा जुने बूट. छत्री घरी ठेव, त्या वाऱ्यात उलटी होते, रेनकोटच.

साडेचारला काहीही झालं तरी परत फिरायचं. आजऱ्यापर्यंत उजेडात पोचलं पाहिजे, त्या रस्त्याला संध्याकाळी गवे उतरतात, धुक्यात आडवा आला तर आपल्या गाडीचंच काय व्हायचं ते होईल. आणि घाटात दरड आलीय का ते आदल्या रात्री आंबोलीतल्या ओळखीच्या हॉटेलवाल्याला फोन करून विचारतो मी. रेड अलर्ट असला तर जायचं नाही, त्यावर वाद नाही, घरी बसून भजी तळू.

आता तू दोन गोष्टी कळव. वहिनींचा गुडघा कसा आहे, पायऱ्या ओल्या असतात, जमणार नसेल तर त्या मुख्य धबधब्याला खाली चहाच्या टपरीवर बसतील, तिथनंही मस्त दिसतो. आणि तुझी आई येणार आहे का? काकू आल्या तर आपण सात होतो, माझ्या गाडीत मावत नाही, भावाची मोठी गाडी मागावी लागेल आणि त्याला गुरुवारच्या आत सांगितलं नाही तर तो कुणालातरी देऊन टाकतो. लवकर फोन कर.

तुझा,
बाळ्या