जुनी जीप, नवा एक्सल आणि कलम ५२

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात विंटेज गाड्यांच्या मेळाव्याचे फोटो आले की आमच्या गॅरेजात ते पान भिंतीवर चिकटवलं जातं आणि पोरं गाड्या ओळखण्याचा खेळ खेळतात. यंदाचं पान बघताना एक गोष्ट टोचली. सगळ्या गाड्या आरशासारख्या लखलखीत, पण त्यात पोतं उचलणारी एकही नाही. राबलेल्या गाड्या गेल्या कुठे? त्यातली एक माझ्या दारात ताडपत्रीखाली उभी आहे. तिला नवा एक्सल आणि चांगले ब्रेक बसवायची कायदेशीर वाट मिळावी, त्यासाठी हे पत्र.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात १९८४ पासून गाड्यांखाली आडवा होतोय. ही गाडी भुदरगड तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबाची, १९६३ ची महिंद्र-विलीज जीप. आजोबांनी मागं लाकडी हौदा बसवून तिची पिकअप करून घेतली, गुळाचे रवे शाहू मार्केट यार्डात आणायला. हौद्याच्या फळ्यांना नाक लावलं तर अजून काकवीचा वास येतो. नातू म्हणाला, "मिस्त्री, रंगाचं मागनं बघू. आईला मागं बसवून घाट उतरता आला पाहिजे, एवढं करा."

एवढंच, पण ते 'एवढं' फार मोठं आहे. या जीपच्या मागच्या एक्सलात, म्हणजे दोन चाकांना फिरवणाऱ्या आसात, आठ दात्यांचं छोटं चक्र (पिनियन) आणि त्रेचाळीस दात्यांचं मोठं चक्र (क्राऊन) असतं, म्हणजे ५.३८ ची चाल : चाकाच्या एका फेऱ्याला पिनियनचे ५.३८ फेरे. चढाला बैलासारखी ओढते, पण सपाटीला ८० वर नेली तर इंजिन मिनिटाला ३२०० फेरे मारतं आणि शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागतं. दहाला एक्केचाळीस दात्यांचा एक्सल बसवला तर त्याच वेगाला अडीच हजारात काम भागतं. तरी वेग ही गिऱ्हाइकाची हौस. माझी काळजी ब्रेकची. चारही चाकांना नऊ इंची ड्रम, तेलाची लाइन सगळ्यांना मिळून एकच. एक नळी फुटली की पायाखालचं पेडल थेट पत्र्याला टेकतं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. १९९३ साली अशाच एका जीपचं पेट्रोल इंजिन काढून मी मेटॅडोरचं डिझेल बसवलं. तेव्हा ते घरोघरचं काम होतं. आरटीओत अर्ज करायचा, गाडी दाखवायची, आरसी बुकावर नोंद व्हायची. इंजिन बदललं, पण मागचा एक्सल तसाच ठेवला. चूक माझी, गाडीची नाही. त्या जुन्या एक्सलात चाकाचा हब निमुळत्या शाफ्टवर बसतो आणि दोघांना एकत्र धरायला मधे बोटाच्या पेराएवढी चावी, म्हणजे लोखंडी पाचर असते. डिझेलचा हिसका त्या चावीच्या हिशोबात नव्हता. मे महिना, हौद्यात आंब्याच्या पेट्या, फोंडा घाट चढताना मागं 'टक्' असा आवाज झाला. इंजिन बोंबलतंय, चाकांना ओढच नाही, आणि गाडी मागं सरकू लागली. हँडब्रेक ओढला. पण या जीपचा हँडब्रेक चाकावर नसतो, गिअरबॉक्सकडून एक्सलला फिरवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर असतो. चावी तुटली की डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणारा गोळा, एकीकडून मोकळं होतं, मग शाफ्ट कितीही करकचून धरा, गाडी थांबत नाही. पायाचा ब्रेक दाबून धरला, बरोबरच्या पोरानं चाकामागं दगड लावला, मग पुढच्या चाकांना ताकद देणारी दांडी टाकली आणि पुढच्या दोन चाकांवर रडतखडत वर आलो. त्या चावीचे दोन तुकडे आजही माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. नवीन पोरगं कामाला लागलं की आधी ते त्याच्या हातावर ठेवतो.

म्हणून या खेपेला मी अर्धवट काम करणार नाही. नुसता नवा एक्सल आणून भागतही नाही. जुन्या जीपचं डिफरन्शियल मधोमध नसतं, उजवीकडे, ड्रायव्हरच्या बाजूला असतं, कारण ट्रान्सफर केसमधून, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीतून, शाफ्ट तिकडूनच निघतो. नव्या पिकअपचा मधोमधचा एक्सल त्याला जोडला तर शाफ्ट तिरका पळतो आणि त्याच्या टोकाचे सांधे (क्रॉस) चार महिन्यांत खातो. म्हणजे गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन्ही एक्सल आणि ब्रेक एकाच गाडीतून, एका संचानं यायला हवेत. स्प्रिंगच्या पाट्यांची बैठक नव्या एक्सलवर परत वेल्ड करायची, पिनियनचं तोंड किती वर ठेवायचं ते मोजायचं, नाहीतर पन्नासच्या पुढं अख्खी केबिन थरथरते. नवा एक्सल रुंद असला तर त्याची नळी कापून आखूड करणारेही आहेत. मी करत नाही. चाकं थोडी बाहेर दिसली तर दिसू देत, वर मडगार्ड रुंद करून घेऊ.

यातलं काहीही आज कायद्यात बसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये २००० साली दुरुस्ती झाली, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिचा अर्थ स्पष्ट केला : कारखान्यानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. बरं, विंटेज म्हणून नोंदवावी, तर २०२१ च्या नियमांनुसार गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी हवी आणि चासी, बॉडी, इंजिन मूळचं हवं. वीस हजार भरले की दहा वर्षांसाठी 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, पण गाडी रस्त्यावर आणायची ती रॅलीला, प्रदर्शनाला, नाहीतर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला. आईला घेऊन घाट उतरणं त्या यादीत नाही. गंमत म्हणजे मान्यताप्राप्त कीट असेल तर याच कायद्यानं गाडीवर सीएनजी चढवता येतो, बॅटरीसुद्धा. मात्र चांगल्या ब्रेकचा अख्खा एक्सल चढवायला वाट नाही.

कायद्याची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. ट्रॅक्टरची चाकं घातलेल्या, फुटभर उचललेल्या जीपा मीही बघतो. त्यांचं वेल्डिंग बघून अंगावर काटा येतो. पण सरसकट बंदीनं त्या थांबलेल्या नाहीत. कामं रात्री होतात, आरसीवर जुनंच लिहिलेलं राहतं, आणि अपघात झाल्यावर विमा कंपनीनं दावा नाकारला तर तोंड उघडायला जागा नसते.

ब्रिटनमध्ये अनेक वर्षं बदल केलेल्या गाड्यांसाठी गुणांची पद्धत होती. मूळ चासीला ५, सस्पेन्शनला २, एक्सलला २, गिअरबॉक्सला २, स्टिअरिंगला २ आणि इंजिनाला फक्त १. आठ गुण भरले, त्यात चासी मूळची असली, की जुना नंबर कायम. नाही भरले तर वेगळी तपासणी आणि वेगळा नंबर. इंजिनाला एकच गुण, हे वाचून मी हसलो होतो. ज्यानं कोणी ते ठरवलं त्याचे हात ग्रीसनं काळे झालेले असणार.

आपल्याकडे अशीच वाट का नसावी? चासीला कापाकापी नको. मान्यता मिळालेल्या एकाच मॉडेलचा पूर्ण संच असावा. ब्रेकची चाचणी व्हावी आणि आरसीवर खरं ते लिहावं. पुण्यात गाड्यांची चाचणी करणारी एआरएआयसारखी संस्था आहे, तिनं एकदा निकष आखून द्यावेत. खर्च गाडीमालक देईल. माझं गिऱ्हाईक तर आजच तयार आहे.

परवानगी येईपर्यंत मी गाडीला हात लावणार नाही. लावीन तेव्हा पाट्यांच्या बैठकीवरच्या वेल्डिंगला रंग मारणार नाही, उघडंच ठेवीन. तपासणारा साहेब आला की त्याला सांधा नीट दिसला पाहिजे.

आपला,
एक गॅरेजवाला,
उद्यमनगर, कोल्हापूर