अंदाज पहिल्या पानावर, निकाल कुठल्या पानावर?

मा. संपादक,
स. न.

एप्रिलच्या मध्याला हवामान विभागाचा मोसमी पावसाचा अंदाज येतो आणि आपल्यासह सगळी वर्तमानपत्रे तो पहिल्या पानावर छापतात. मे संपताना सुधारित आकडा येतो, तोही ठळक छापला जातो. ३० सप्टेंबरला हंगाम संपतो, तेव्हा मात्र एप्रिलमध्ये काय सांगितले होते याची आठवण कुणी काढत नाही. तोवर सगळे ऊसदराकडे वळलेले असतात.

जुने आकडे शेजारी-शेजारी मांडून पाहा. २०१९च्या एप्रिलमध्ये अंदाज होता सरासरीच्या ९६ टक्के; देशात पडला ११० टक्के. जुलैअखेरीस ऑगस्ट-सप्टेंबरसाठी १०० टक्के सांगितले गेले, प्रत्यक्षात १३० टक्के झाले. त्याच ऑगस्टात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोका पातळी ४३ फूट आहे. आता २०२१ घ्या. अंदाज ९८, पडला ९९. याहून अचूक अंदाज कुणी कसा द्यावा? तरी त्याच जुलैत पाणी पुन्हा ५५ फुटांच्या वर आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद. म्हणजे अंदाज चुकला त्या वर्षी नदीकाठची आंबेवाडी-चिखली पाण्यात, आणि तंतोतंत जुळला त्या वर्षीही पाण्यातच.

यात हवामान विभागाला झोडपण्यासारखे काही नाही. तो आकडा सबंध देशाचा आणि चार महिन्यांचा असतो. आमचा पूर राधानगरी, गगनबावड्याच्या डोंगरात चार-पाच दिवसांत काय कोसळते त्यावर ठरतो. शिवाय एप्रिलच्या आकड्यात ५ टक्के कमी-जास्त होऊ शकते, असे विभाग स्वतःच सांगतो. ते वाक्य बातमीत येता येता कुठे गळते, हे आपल्या उपसंपादकांना विचारायला हवे. गेल्या तीन वर्षांत अंदाज त्या ५ टक्क्यांच्या आत बसले आहेत: २०२३ला ९६ सांगितले, ९४ झाले, २०२४ला १०६चे १०८, २०२५ला १०५चे १०८. हे श्रेयही छापून यायला हवे.

अमेरिकेतील कोलोराडो राज्य विद्यापीठ १९८४पासून अटलांटिक महासागरातील चक्रीवादळांचा हंगामी अंदाज देते. २०१३मध्ये त्यांनी १८ वादळे आणि त्यांतील ९ हरिकेन, म्हणजे तीव्र चक्रीवादळे, होतील असे सांगितले. हरिकेन झाली फक्त दोन. हंगाम संपल्यावर आपला अंदाज कुठे फसला, हे ते दरवर्षी स्वतःच प्रसिद्ध करतात. डिसेंबरातच पुढच्या हंगामाचा आकडा जाहीर करण्याची प्रथा तर त्यांनी २०११मध्ये बंद केली. दोन दशकांचा ताळा घेतल्यावर त्या अंदाजांत दम नाही, हे दिसून आले होते. आपला हवामान विभागही हंगामानंतरच्या अहवालात अंदाज आणि प्रत्यक्ष पाऊस समोरासमोर देतो. तो अहवाल बातमीचा विषय होत नाही, एवढेच.

आमच्या खरे उपयोगाचे ते चार-पाच दिवसांचे अंदाज आणि यलो, ऑरेंज, रेड अलर्ट. त्यांचा हिशेब तर कुणीच ठेवत नाही. रेड अलर्ट म्हणून शाळांना सुट्टी दिली आणि ऊन पडले, यावर चौकाचौकात विनोद होतात. पण ते ऊन सपाटीवरच्या शिरोळला असते. गगनबावड्यात त्याच दिवशी डोळे उघडू न देणारा पाऊस असू शकतो. हल्ली घाटमाथ्याचा इशारा वेगळा असतो, बातमीच्या मथळ्यात मात्र सगळा जिल्हा एकच. हिशेब ठेवायचा तर दोन्ही बाजूंनी ठेवावा लागेल: इशारा दिला आणि पाऊस आला नाही असे दिवस, आणि पाऊस आला पण इशारा नव्हता असे दिवस. पहिल्याचीच थट्टा झाली तर उद्या इशारा देणाराच कचरेल. नदीकाठच्या गावाला दुसरी चूक फार महाग पडते, कारण रात्रीत गोठ्यात पाणी शिरले तर दुभती जनावरे हलवायला वेळच राहत नाही. आणि पहिली वारंवार झाली, तर पुढच्या खऱ्या इशाऱ्याला कुणी जनावरांचे दावे सोडायला उठत नाही.

मोबाइलवर तारखेनिशी पाऊस सांगणारेही याच हिशेबात यावेत. जमलेला अंदाज ते वर्षभर फिरवतात, फसलेला दुसऱ्या दिवशी काढून टाकतात.

तेव्हा विनंती अशी, की ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अर्धा रकाना द्यावा. एप्रिलचा आकडा, मेचा आकडा, प्रत्यक्ष पाऊस. आणि खाली कोल्हापूरसाठी दिलेले इशारे व त्या-त्या दिवशीचा पाऊस, घाटमाथा वेगळा आणि शिरोळ-हातकणंगले वेगळे. तालुकावार पाऊस आपण पावसाळाभर छापताच, त्यामुळे निम्मी सामग्री कार्यालयातच आहे. जागेची अडचण असेल तर पंचांगातल्या पावसाच्या नक्षत्रांच्या वाहनांचा मजकूर त्या दिवशी थोडा आखडता घ्यावा. किंवा बेडूक, म्हैस, मेंढा यांनाही त्याच तक्त्यात बसवावे.

आपला,
एक वाचक, प्रयाग चिखली (ता. करवीर)