एका अंशाला पन्नास रुपये

ती. बाईंना,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा टाकू का?" म्हणून विषय बदलता. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

चाळिशीत दहावीला बाहेरून बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरला, तेव्हा गणितात वृत्तालेखच, म्हणजे गोलाच्या पाकळ्या पाडून वाटे दाखवायचा आलेख, तेवढा सोपा वाटलेला. सोलापुरात वीस वर्षं कडक भाकऱ्या थापतेय, मला गोलाची कसली भीती! आणि पहिल्याच उदाहरणात ५० टक्क्यांना ५० अंश घेतले, २५ ला २५. सगळे घटक संपले, तरी निम्म्याहून जास्त वर्तुळ रिकामंच. तुम्ही हसला नाहीत. "पुस्तक मिट, धंद्याची वही आण," म्हणालात.

महिन्याचा खर्च १८,०००. ज्वारी ९,०००, गॅस ४,५००, पिशव्या-रिक्षा ३,०००, किरकोळ १,५००. "अख्खी भाकरी ३६० अंशांची, तर एका अंशाला किती रुपये?" पन्नास! मग ज्वारी १८०, गॅस ९०, पुढं ६० आणि ३०. घटक भागिले एकूण गुणिले ३६०, हे सूत्र मला पाठ करावंच लागलं नाही. उलटं गणितही सुटलं: ७२ अंश म्हणजे ३,६०० रुपये.

कोनमापकानं मात्र रडवलं. मी प्रत्येक कोन पहिल्याच त्रिज्येपासून मोजायची, मग पाकळ्या एकमेकींवर चढायच्या. पुढचा कोन नव्या रेषेपासून, हे तुम्ही माझा हात धरून दाखवलंत. शेवटची पाकळी काढायची नाही, उरलेली मोजून बघायची. ३० ऐवजी २७ भरली, तर मागं कुठंतरी हात हलला.

१८०१ मध्ये विल्यम प्लेफेअरनं असा आलेख छापला म्हणे. असेल बाई, भाकरी त्याच्या आधीची.

गड्ड्याच्या यात्रेत खर्च २७,००० वर गेला, आणि वृत्तालेख काढला तर जवळपास तसाच! ज्वारी पुन्हा अर्धीच. मी चिडले, एवढी राबले ते दिसतंय कुठं? तुम्ही म्हणालात, हा वाटा सांगतो, रक्कम नाही. दोन महिने शेजारी ठेवायचे तर जोडस्तंभालेख काढ, जोडीजोडीनं उभे खांब. हे मला त्याआधी कुणीच सांगितलं नव्हतं.

तुमचा कोनमापक माझ्याकडेच राहिलाय, थोडं पीठ लागलंय. गुरुवारी घेऊन येते. आयतालेख अजून जमत नाही.

तुमची,
खालच्या मजल्यावरची भाकरीवाली