डिस्क पुसण्याआधी मेलची चौकशी करा

महोदय,

विंडोज १० ला मिळणारे नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि तेव्हापासून माझ्या ओळखीच्या अनेक घरांत जुना संगणक काढून नवा घेण्याचे चालले आहे. या धांदलीत फोटो आणि कागदपत्रे आठवणीने हलवली जातात. मेल मात्र ‘इंटरनेटवर असतातच’ असे म्हणून सोडून दिले जातात. ही समजूत सर्वांच्या बाबतीत खरी नाही.

जे ब्राउझरमध्ये मेल उघडतात किंवा ज्यांचे खाते आयमॅप पद्धतीने जोडलेले आहे, त्यांचे मेल सर्व्हरवर, म्हणजे मेल सेवा देणाऱ्या कंपनीच्या संगणकावर, राहतात. पॉप पद्धतीत मात्र मेल आपल्या संगणकावर उतरवले जातात आणि सर्व्हरवर प्रत ठेवण्याची सोय निवडलेली नसेल, तर तिथून पुसलेही जातात. मग एकमेव प्रत घरच्या हार्ड डिस्कवर उरते.

एप्रिल २०१४ मध्ये विंडोज एक्सपीची मुदत संपली, तेव्हा मी मेलसाठी आऊटलुक एक्स्प्रेस हा प्रोग्राम वापरत होतो. ‘सगळा डेटा काढून ठेवा’ असे सांगून मी संगणक दुकानात दिला. तिथे माय डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉपची प्रत घेऊन डिस्क फॉरमॅट करण्यात आली. आऊटलुक एक्स्प्रेसचे मेल या दोन्ही ठिकाणी नसत. ते ‘लोकल सेटिंग्ज’ या सहसा न दिसणाऱ्या फोल्डरमध्ये, बरेच आत, डीबीएक्स फायलींत साठत. मस्कतला नोकरी करणाऱ्या माझ्या थोरल्या भावाची सात वर्षांची पत्रे त्यात गेली. दुकानदाराने मुद्दाम काही केले नाही; त्याने विचारले नाही आणि मला सांगता आले नाही. भाऊ आता हयात नाही. आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेबाबत त्याने लिहिलेले एक पत्र डॉक्टरांना दाखवायला छापले होते, तेवढी दोन पाने घरात आहेत.

म्हणून यंदा, थंडरबर्ड या मेल पाहण्याच्या प्रोग्राममधील मेल मी स्वतः हलवले. त्याच्या टूल्स मेनूतील एक्सपोर्टची सोय २ जीबीपर्यंतच्या साठ्यालाच चालते आणि माझा साठा त्याहून मोठा होता. तेव्हा हेल्प मेनूतील ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’मधून मेल आणि सेटिंग्ज ज्यात साठतात ते प्रोफाइल फोल्डर कुठे आहे ते पाहिले, थंडरबर्ड पूर्ण बंद केले आणि ते अख्खे फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतले. त्यात ‘इनबॉक्स’ नावाची, पुढे कोणतेही एक्स्टेन्शन नसलेली फाइल असते. सारी पत्रे साध्या मजकुराच्या रूपात तिच्यात एकाखाली एक लिहिलेली असतात. शेजारची त्याच नावाची एमएसएफ फाइल ही केवळ सूची असते आणि ती गेली तरी पुन्हा तयार होते. साठवलेले पासवर्डही याच फोल्डरमध्ये असल्यामुळे असा पेन ड्राइव्ह इकडेतिकडे पडू देऊ नये. आऊटलुक वापरणाऱ्यांनी मेल साठवणारी पीएसटी फाइल शोधावी.

संगणक विक्रेत्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, डिस्क पुसण्यापूर्वी ‘तुम्ही मेल कशात पाहता?’ एवढे ग्राहकाला विचारावे आणि जुनी डिस्क निदान महिनाभर तशीच ठेवण्याचा सल्ला द्यावा. ग्राहकानेही नव्या संगणकावर अलीकडचे चार मेल दिसले म्हणून समाधान मानू नये; सर्वांत जुना मेल आणि त्याला जोडलेली फाइल उघडून पाहावी आणि मगच डिस्क पुसायला होकार द्यावा. आपल्या वृत्तपत्राने यावर पडद्यावरील चित्रांसह एक सविस्तर मराठी लेख छापल्यास माझ्यासारख्या ज्येष्ठ वाचकांना त्याचा फार उपयोग होईल.

आपला,
एक वाचक, सातारा