त्या जपानी बाईंबद्दल, बाबांच्या प्रश्नासकट

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोनवर हे सगळं सांगायचं म्हणजे मला ओरडावं लागतं, आणि ओरडले की बाबांना वाटतं मी चिडले आहे. म्हणून लिहिते आहे. अक्षर मोठं काढलंय, चष्मा लावून सावकाश वाचा.

तुम्ही दोघांनी दोन वेगळे प्रश्न विचारले होते. आईचा प्रश्न, टेबलाच्या वर फोटो लावलाय ती जपानी बाई कोण. बाबांचा प्रश्न, चांगली नोकरी सोडून तुम्ही पोरं जो खेळ करताय तो विकला जाणार का. दोन्हींचं उत्तर एकाच गोष्टीत आहे, पण जरा लांबून यावं लागेल.

त्या बाईंचं नाव रिएको कोदामा. 1984 साली त्या सेगा कंपनीत चित्रकार म्हणून लागल्या. टीव्हीला जोडून खेळायचे जे डबे असतात, ज्यांना आम्ही कन्सोल म्हणतो, ते सेगा बनवायची. जपानात तेव्हा राज्य होतं निन्टेंडो या दुसऱ्या कंपनीच्या फॅमिकॉम नावाच्या डब्याचं. आपल्या घरी दादाने हट्ट करून आणलेला, पिवळ्या कॅसेटींचा ‘टीव्ही गेम’ आठवतोय? तो त्या फॅमिकॉमचीच नक्कल होता. सेगाचे डबे पुढे नव्वदच्या दशकात शॉ वॉलेसने भारतात आणले खरे, पण आपल्या गल्लीपर्यंत काही ते पोचले नाहीत.

1986च्या मे महिन्यात फॅमिकॉमवर ‘ड्रॅगन क्वेस्ट’ नावाचा खेळ आला आणि जपानी पोरं वेडी झाली. रोल-प्लेइंग म्हणतात तो प्रकार. उड्या मारून शत्रूला चिरडायचं नाही. एखादं पात्र घ्यायचं, गावोगाव हिंडायचं, लोकांशी बोलायचं, पैसे जमवायचे, हत्यारं घ्यायची, हळूहळू ताकद वाढवायची आणि एक लांबलचक कथा पुरी करायची. एका बैठकीत संपत नाही, महिनाभर पुरतो. सेगाकडे असं काहीच नव्हतं, आणि निन्टेंडोसाठी काम करणाऱ्या बहुतेक कंपन्या सेगाकडे फिरकत नव्हत्या. म्हणजे जे काही करायचं ते घरच्या माणसांनीच करायचं. ‘फँटसी स्टार’ असा जन्माला आला.

सगळे तलवारी आणि ड्रॅगन करत होते. यांनी ठरवलं की आपण अंतराळात जाऊ, पण तलवार सोडायची नाही. अल्गोल नावाचा तारा आणि त्याचे तीन ग्रह: हिरवा पाल्मा, वाळवंटी मोताविया, बर्फाचा देझोरिस. एकीकडे यंत्रमानव शिपाई, अवकाशयान, बर्फ फोडत जाणारी गाडी, आणि दुसरीकडे मंत्र, बघणाऱ्याचा दगड करणारी मेड्युसा, दगड झालेला योद्धा. ऐकायला भेळ वाटते. खेळताना वाटत नाही, कारण चित्रं एका हाताची आहेत.

मूळ कथा चिएको आओकी यांची, त्याही बाईच. तिचा विस्तार केला कोतारो हायाशिदांनी. मुख्य प्रोग्रॅमिंग युजी नाकांचं. पात्रं, त्यांचे पोशाख, लढाईमागचे देखावे हे कोदामांकडे. संगीत तोकुहिको उवाबोंचं. शेवटच्या श्रेयनामावलीत मात्र यातलं एकही नाव सापडत नाही! कोदामा ‘फीनिक्स रिए’ आहेत, उवाबो नुसते ‘बो’, आणि आओकींच्या जागी लिहिलंय ‘एप्रिल फूल’. दुसऱ्या कंपन्यांनी माणसं पळवू नयेत म्हणून तेव्हा टोपणनावं छापायची पद्धत होती. बाबा, तुम्ही कामगार संघटनेत इतकी वर्षं काढलीत, तुम्हाला यावर काय म्हणायचं असेल ते मला इथे बसून ऐकू येतंय.

आता आईसाठी. सेगाच्या त्या डब्यातून पडद्यावर आडवे 256 आणि उभे 192 ठिपके. सगळं चित्र आठ बाय आठच्या चौकोनी तुकड्यांनी बनलेलं. एकूण रंग 64, आणि त्यातले एका वेळी पडद्यावर फार तर 32. म्हणजे आई, हे तुझं दोसुतीवरचं भरतकाम आहे. एका घरात एकच टाका, एका टाक्याला एकच रंग, अर्ध्या टाक्याची सोय नाही. तू त्या मोराच्या मानेसाठी निळ्याच्या तीन लडी घेऊन बसायचीस आणि कुठली छटा कुठे संपवायची यावरून दोनदा उसवायचीस. ॲलिसच्या चेहऱ्यात हेच केलेलं आहे. ॲलिस म्हणजे त्या खेळाची नायिका. मी ते चित्र संगणकावर मोठं करून एकेक ठिपका बघितला. जवळून नुसते चौकोन दिसतात. थोडं लांब गेलं की हनुवटीखाली सावली पडते आणि पोरगी रागावलेली दिसते. आमच्याकडे आज लाखो रंग आहेत, आणि आमच्या नायिकेच्या चेहऱ्यावर अजून तो राग मला आणता आलेला नाही.

हो, नायिका. 1987 साली. सुरुवातच अशी आहे की राजाच्या यंत्रशिपायांनी भर रस्त्यात तिच्या भावाला मारलंय. भाऊ मरताना तिला त्या राजाबद्दल, लॅसिकबद्दल सांगतो आणि ओडिन नावाच्या माणसाला शोधायला सांगतो. ती तलवार उचलते आणि निघते. बाई असून कशी लढते, याबद्दल खेळात कोणी भाषण ठोकत नाही, तिला कोणी वाचवायला येत नाही, आणि शेवटी राजपुत्राशी लग्नही लावून देत नाहीत. मला हे फार आवडतं. आमच्याकडे बैठकीत कोणीतरी ‘स्त्रीप्रधान कथा’ म्हणून पाटी लावायला निघालं की मी गप्प बसून ॲलिसकडे बोट दाखवते.

ओडिन सापडतो तो दगड होऊन. त्याच्याबरोबरचं मांजरासारखं बोलकं जनावर, म्याऊ, भलत्याच ग्रहावर एका व्यापाऱ्याकडे अडकलंय. औषधाची बाटली म्याऊकडेच आहे, पण पंजांनी बूच निघत नाही, म्हणून बिचाऱ्याला मित्राला वाचवता आलेलं नाही. काय सुंदर सुचलंय! कोणत्याही भव्य युद्धापेक्षा ती न उघडणारी बाटली माझ्या लक्षात राहिली. आणखी एक गंमत म्हणजे मोतावियाच्या गव्हर्नरला भेटायचं तर भेट म्हणून केक लागतो, आणि केकचं दुकान एका अंधाऱ्या गुहेच्या पोटात, भुताखेतांच्या गराड्यात! तिथे गिऱ्हाईक कोण येत असेल देव जाणे.

तंत्राच्या बाजूने सगळ्यात जास्त बोललं गेलं ते त्या गुहांबद्दल. तेव्हाच्या खेळांत भुयारात चालायचं म्हणजे एक चित्र जाऊन दुसरं यायचं, झटका बसल्यासारखं. नाकांनी भिंती सरकत्या केल्या. पाऊल टाकलं की बोगदा खरंच अंगावर येतो. 3.58 मेगाहर्ट्झच्या झेड-80 प्रोसेसरवर हे करून दाखवणं म्हणजे कसब. लढाईतले राक्षसही जागच्या जागी हलतात, वार करतात. हे सगळं मावायला सेगाने 4 मेगाबिटची, म्हणजे 512 केबीची कॅसेट दिली, आणि खेळ जिथे थांबवला तिथून पुन्हा सुरू व्हावा म्हणून आत छोटी बॅटरी बसवली. नेहमीच्या कॅसेटी याच्या चौथाईत भागत होत्या, म्हणून ही तेव्हा अवाढव्य वाटली. बाबा, तुमच्या फोनमधल्या एका फोटोच्या जागेत असे चार-पाच खेळ बसतील.

दोषही सांगते, नाहीतर म्हणाल आंधळी भक्ती. सुरुवातीचा तास कंटाळवाणा आहे. तीच ती किडुकमिडुक जनावरं मारून पैसे साठवत बसायचं. गुहांना नकाशा नाही, त्यामुळे लोक आलेखाच्या कागदावर हाताने नकाशे काढायचे. काही कोडी अशी की गावातल्या एका माणसाशी बोलायचं राहिलं तर पुढे वाटच नाही. मी निन्टेंडो स्विचवरची 2018ची नवी आवृत्ती खेळले, तिच्यात नकाशा आपोआप उमटतो, म्हणून निभावलं. ती आवृत्ती ज्या ‘सेगा एजेस’ मालिकेत निघाली तिच्या प्रमुख निर्मात्या कोण, तर कोदामाच. तीस वर्षांनी स्वतःचंच काम स्वतःच्या हाताने झाडून-पुसून पुन्हा मांडायला मिळणं, हे किती जणांच्या नशिबी येतं?

आता बाबांचा प्रश्न. ‘फँटसी स्टार’ जपानात 20 डिसेंबर 1987ला आला. दोनच दिवस आधी, 18 तारखेला, फॅमिकॉमवर ‘फायनल फँटसी’ आला होता. तो पहिल्या भागापासून वाढत वाढत जगभर पोचला, आजही चालू आहे. सेगाचा डबा जपानात फॅमिकॉमच्या जवळपासही गेला नाही, त्यामुळे त्यावरचा खेळ कितीही चांगला असला तरी तो खेळणारी घरंच मोजकी. अमेरिकेत 1988 साली गेला, तिथेही निन्टेंडोचंच राज्य, आणि मोठ्या कॅसेटमुळे किंमत चढी. धंद्याच्या हिशेबात तुम्ही याला हार म्हणाल, आणि मी वाद घालणार नाही.

पण ब्राझीलमध्ये निराळंच घडलं. तिथे टेकटॉय नावाच्या कंपनीने सेगाचे डबे विकले आणि ते घरोघरी गेले. 1991 साली त्यांनी अख्खा ‘फँटसी स्टार’ पोर्तुगीजमध्ये केला. इंग्रजीचा गंध नसलेल्या पोरांना असा लांब कथेचा खेळ आपल्या भाषेत वाचायला मिळाला. तिथल्या चाळिशी-पन्नाशीच्या लोकांपुढे आजही ॲलिसचं नाव काढलं की ते आपल्या लहानपणाबद्दल बोलायला लागतात. मराठीत असं काही कोणी माझ्या लहानपणी केलं असतं तर दादाला आणि मला त्या इंग्रजी पाट्यांपुढे तोंड वासून बसावं लागलं नसतं. आमच्या खेळात मराठी असणार आहे ते यामुळे. बैठकीत सगळे नाही म्हणत होते, खर्च वाढतो म्हणून. मी हट्टाने मागून घेतलं.

कंपनीनेही या खेळाला टाकून दिलं नाही. 1989 साली दुसरा भाग आला, सेगाच्या मेगा ड्राइव्ह नावाच्या नव्या डब्यावर. त्यात नेई नावाची मुलगी कथेच्या मध्येच मरते आणि परत येत नाही. खेळणाऱ्याने इतका वेळ जपलेलं पात्र असं काढून घेणं तेव्हा कोणाला अपेक्षित नव्हतं, लोक हादरले. अशा मरणासाठी जगभर नाव झालं ते 1997च्या ‘फायनल फँटसी सात’चं, पण नेई आठ वर्षं आधी गेली होती. 1993चा चौथा भाग खुद्द कोदामांनी दिग्दर्शित केला. खेळ म्हणून विचाराल तर मला तोच सर्वांत उजवा वाटतो, पहिला नव्हे. 2000 साली ‘फँटसी स्टार ऑनलाइन’ निघाला, घरच्या डब्यावरून टेलिफोनच्या तारेने चार अनोळखी लोकांनी एकत्र खेळायचा. हरलेल्या डब्यावरच्या खेळाचा वंश इतका लांब चालला.

2019 साली अमेरिकेतल्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये कोदामांना ‘पायोनियर’ पुरस्कार मिळाला. 9 मे 2022ला त्या गेल्या, वय अवघं 58. बाहेर कळलं ते काही महिन्यांनी, सेगाच्या एका छोट्या कन्सोलच्या श्रेयनामावलीत त्यांच्या स्मरणार्थ दोन ओळी दिसल्या तेव्हा. तिथे मात्र खरं नाव होतं. त्याच आठवड्यात मी तो फोटो छापून घेतला.

तर बाबा, आमचा खेळ विकला जाईल का? मला माहीत नाही. आमची माणसं थोडी, विषय तुमच्या मते विचित्र, आणि ज्या दिवाळीत आम्ही येणार त्याच दिवाळीत मोठ्या कंपन्यांचे दोन-तीन येणार. पगार मार्चपर्यंतचा बँकेत ठेवलेला आहे, घराचा हप्ता त्यातून जातो. त्यानंतरचं जानेवारीत ठरेल. नाहीच चाललं तर माझ्या हातात काम आहे, चित्र काढणारी माणसं लागतातच, बसून राहायची वेळ येणार नाही. पण हे काम मी मन लावून करते आहे आणि ते बघून मगच काय ते म्हणा. गणपतीत येताना लॅपटॉप आणते, पहिली दोन गावं खेळता येतील इतकी तयार आहेत. आईने खेळायचं आणि बाबांनी शेजारी बसून चुका काढायच्या.

आई, गुडघ्याच्या गोळ्या संपत आल्या असतील, चिठ्ठीचा फोटो पाठव, इथून कुरिअर करते. सांगलीच्या दुकानात पुन्हा दुसऱ्याच कंपनीच्या देतील. बाबा, गच्चीवर पाण्याची टाकी बघायला एकट्याने चढू नका, शेजारच्या बंड्याला हाक मारा, तो येतो.

तुमची,
शलाका