वार्षिक सर्वसाधारण सभा : दुरुस्तीच्या विषयांसंबंधी सूचना

सर्व सन्माननीय सभासदांस कळविण्यात येते की, संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवार, ६ सप्टेंबर २०२६ रोजी सकाळी १० वाजता तळमजल्यावरील सभागृहात होईल. सहकार कायद्यानुसार ती ३० सप्टेंबरपर्यंत घेणे बंधनकारक आहे.

गेली काही वर्षे पार्किंगच्या पट्ट्यांवरच सभेचा बहुतेक वेळ खर्च होतो आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय वेळेअभावी पुढे ढकलला जातो. दरम्यान सर्वांत वरच्या मजल्यावरील घरांत छताचे पोपडे निघून सळया उघड्या पडल्या आहेत. दुरुस्ती निधी मर्यादित आहे, त्यामुळे कोणते काम आधी करायचे हे सर्वांनी मिळून ठरविणे अत्यावश्यक आहे. म्हणून समितीने पुढील मर्यादा घातल्या आहेत :

१. प्रत्येक सदनिकेने दुरुस्तीचे एकच काम, पाच ओळींत लिहून, १४ ऑगस्टपर्यंत कार्यालयात द्यावे. विषयपत्रिका सभेआधी पूर्ण १४ दिवस सभासदांच्या हाती पडावी लागत असल्याने मुदत वाढविता येणार नाही.

२. सभेत प्रत्येक सदनिकेला त्या यादीतील तीनच कामांना पसंती देता येईल. सर्वाधिक पसंतीच्या तीन कामांवरच चर्चा होईल.

३. प्रत्येक वक्त्यास तीन मिनिटे मिळतील.

हिशेबपत्रके व लेखापरीक्षकांची नेमणूक या विषयांना पहिले दोन नियम लागू नाहीत. विजेच्या उघड्या तारा किंवा लिफ्टमधील बिघाड यांसारखा धोका मात्र सभेची वाट न पाहता तत्काळ कळवावा.

समितीच्या वतीने,
मानद सचिव