खंड्याचा निरोप घेऊन गेलेल्या काकांना

काका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात दिलं असतं तर दोन ओळी वाचून तुम्ही "असू दे, असू दे" म्हणत परत केलं असतं. पेट्रोलचे पैसे परत केलेत तसंच. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. नाव लिहीत नाही, ते तुम्हाला चालायचं नाही. जनावरांच्या सरकारी दवाखान्यातून पट्टीबंधक म्हणून निवृत्त झालेले एक काका, एवढंच वाचणाऱ्यांना पुरे.

आमचा कुत्रा खंड्या अकरा वर्षांचा. पालच्या खंडोबाच्या यात्रेहून परतताना रस्त्याच्या कडेला सापडला होता, पाठीवर भंडारा सांडलेला. नाव तिथंच ठरलं. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती, दोघं एकत्रच वाढले. गेल्या जुलैत ती शिकायला पुण्याला गेली आणि खंड्याचं सगळं बिनसलं. मी पतसंस्थेत, ह्यांची एमआयडीसीत पाळी. आम्ही घराबाहेर पडलो की तासाभरात तो रडायला लागायचा. भुंकणं नव्हे, रडणं. शेजाऱ्यांनी आधी सांगून पाहिलं, मग सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं.

जो भेटेल तो एकच सांगायचा : एकटा पडलाय, दुसरं कुत्रं आणा, जोडी होईल. ज्या डॉक्टरांकडे नेलं त्यांनी तर मान वर करून त्याच्याकडे पाहिलंही नाही. मोबाइलवर बोट फिरवत म्हणाले, "कंपॅनियन द्या त्याला." दोन मिनिटं, आणि फीची पावती. मी ते ब्रह्मवाक्य मानलं. पुण्याकडच्या एका विक्रेत्याकडून पिल्लू आणलं. "पन्नास दिवसांचं आहे" म्हणाला. महिन्याचंसुद्धा नसावं. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही असा २०१७ पासून नियम आहे, हे मला तुमच्याकडून कळलं, तेव्हा उशीर झाला होता. आठव्या दिवशी रक्ताचे जुलाब लागले, नवव्या दिवशी ते गेलं. पार्व्हो, पिल्लांना होणारा विषाणूचा जीवघेणा आजार. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "दुसरं घेऊन जा, हजार कमी द्या." त्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, जाईल असं वाटतही नाही.

म्हणूनच नोव्हेंबरात तुमचा नंबर मिळाला तेव्हा मी भीत भीत फोन केला. तुमच्याकडे कुणीतरी पुलाखाली सोडून दिलेलं पिल्लू होतं. मला वाटलं, तुम्ही लगेच "घेऊन जा" म्हणाल. तुम्ही आधी त्या गेलेल्या पिल्लाबद्दल विचारलंत. कुठं झोपायचं, कुठं घाण केली होती, फरशी कशानं पुसली. फिनेलनं हा विषाणू मरत नाही, ब्लीचिंगचं पाणी लागतं, आणि अंगणातल्या मातीत तो वर्षभरही टिकू शकतो, हे मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. "माझ्या पोरीचे सगळे डोस होऊ देत, मग बघू," म्हणालात. दोन महिने थांबवलंत मला. त्या दोन महिन्यांत तिच्या दुधाचा, लसींचा खर्च तुम्ही तुमच्या पेन्शनीतून करत होतात.

जानेवारीतल्या त्या रविवारी तुम्ही मोपेडवर पुढे पाटी बांधून, पाटीत पिल्लू घालून आलात. घरात आणलं नाहीत. "घर त्याचं आहे, पहिली गाठ बाहेर पडू दे." साताऱ्यातल्या चार भिंती स्मारकाच्या चढाला आपण गेलो. मी खंड्याला घेऊन रस्त्याच्या एका कडेनं, तुम्ही तिला घेऊन दुसऱ्या कडेनं, समोरासमोर न येता, नुसतं बरोबरीनं चालत. ती सारखी त्याच्याकडे ओढ घेत होती. खंड्यानं एकदा वास घेतला आणि तोंड फिरवलं. तुम्ही कितीतरी वेळ काहीच बोलला नाहीत. वरच्या वळणावर थांबून म्हणालात, "ताई, हा कुत्र्याकडं बघतच नाही. दर दहा पावलांवर मागं वळून तुम्ही आहात का ते बघतोय."

मग घरी आलो. पिल्लू पाटीत झोपलं, पाटी बाहेर सावलीत. खंड्याही दमून व्हरांड्यात शहाबादीवर आडवा झाला. तुम्ही खुर्ची नको म्हणालात, त्याच्यापासून दोन हातांवर फरशीवरच बसलात. त्याला हाक नाही, चुचकारणं नाही. मला वाटलं, हे नुसतेच काय बसलेत? मी आत कुकर लावला. पहिली शिट्टी झाली, दुसरी झाली. तिसरीला मी चहा घेऊन बाहेर आले तर तुम्ही त्याच्या कानाकडे टक लावून पाहत होतात. कान हलला नव्हता.

"दिवाळीत फटाक्यांना घाबरला?"

"यंदा अजिबात नाही हो. दरवर्षी पलंगाखाली शिरायचा. आता धीट झालाय."

तुम्ही कप खाली ठेवलात. हळूच म्हणालात, "धीट नाही झाला, ताई. त्याला ऐकू येत नाहीये."

काका, मी त्या क्षणी काय बोलले मला आठवत नाही. सहा महिने आम्ही त्याला झोपलेला पाहून चवड्यांवर चालत बाहेर पडत होतो. झोपलाय, कशाला उठवा, म्हणून. मुलगी पुण्याला गेली ती पहाटेच्या एसटीनं. जाताना त्याच्याशेजारी उभी राहून रडली आणि म्हणाली, "झोपू दे त्याला." तो उठला तेव्हा ती नव्हती. मग रोज तेच. डोळा लागायचा, उघडायचा आणि घर रिकामं. कुणी कधी गेलं ते त्याला कळतच नव्हतं. तो रडणार नाही तर काय करणार?

"मी डॉक्टर नाही, पट्ट्या बांधल्यात आयुष्यभर," असं तुम्ही तीनदा बजावलंत आणि नीट हात लावून तपासणाऱ्या एका डॉक्टरांकडे पाठवलंत. वयानं कान गेलेत आणि मागचे सांधेही धरलेत, असं त्यांनी सांगितलं. सांध्यांचं औषध सुरू आहे.

तेव्हा तुम्ही विचारलेलं एक वाक्य मी रोज आठवते. "सोबत कुणाला पाहिजे होती, त्याला का तुम्हाला?" टोचून नव्हतं विचारलंत. मला पाहिजे होती, काका. मी कामावर जाताना मनाला लागणारी टोचणी कुणीतरी घ्यावी म्हणून मला ते पिल्लू पाहिजे होतं. जो दुसरं कुत्रं दिसलं की ओढ घेतो, खेळायला मागतो, त्याला जोडी द्यावी. जो माणसाला शोधतोय त्याला कुत्रं देऊन भागत नाही, हे तुम्ही समजावलंत. आणि बहिऱ्या म्हाताऱ्याच्या अंगावर सुईसारख्या दातांचं पिल्लू झोपेत येऊन पडलं तर तो दचकून चावणारच, मग नाव त्याचंच खराब होणार. त्या पिल्लाला घर हवं होतं. तुम्हाला त्याच्यासाठी घर हवं होतं. मी पैसे, गादी, साखळी सगळं तयार ठेवून बसले होते. तरी तुम्ही म्हणालात, "हे घर हिचं नव्हे."

पण हे पत्र त्याबद्दलही नाही. हे पत्र तुम्ही निघताना जे केलंत त्यासाठी आहे.

चपला घालून तुम्ही पायरीपर्यंत गेला होतात. मग परत फिरलात. खंड्या झोपलेलाच होता. तुम्ही चप्पल काढलीत आणि त्याच्या समोरच्या बाजूनं येऊन टाच दोनदा फरशीवर हलकेच आपटलीत. फरशीतून त्याला ते कळलं. दचकला नाही, सावकाश डोळे उघडले. तुम्ही खाली वाकून तळहात त्याच्या नाकाशी धरलात. त्यानं हुंगला. केवढा वेळ हुंगला! तुमच्या हाताला त्या पिल्लाचा, तुमच्या दारातल्या सगळ्या कुत्र्यांचा वास असणार. तुम्ही घाई केली नाहीत, गुडघे दुखत असतानाही तसेच वाकून राहिलात. त्याचं हुंगून झालं, त्यानं मान टेकली, तेव्हा त्याच्या कपाळावर हात ठेवून म्हणालात, "येतो रे खंडोबा." ऐकू येत नाही हे तुम्हीच आम्हाला सांगितलं होतंत, तरी म्हणालात.

आपल्यात कुणी "जातो" म्हणत नाही. उंबऱ्याबाहेर पडताना लहान मूलसुद्धा "येतो" म्हणतं. आम्ही शेजाऱ्यांना म्हणतो, देवाला म्हणतो. अकरा वर्षं घर राखणाऱ्याला म्हणायचं मात्र राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तसंच करतो. टाच दोनदा, मग हात, मग "येतो." पहिले दोन आठवडे तो दारापर्यंत मागे यायचा, जरा रडायचा. आता हात हुंगून झाला की कूस बदलून पुन्हा झोपतो. मुलगी सुट्टीत आली होती. परत जाताना पहाटे साडेचारला तिनं फरशीवर टाच आपटली आणि चांगली दहा मिनिटं त्याच्यापाशी बसली. एसटी चुकली तिची. पुढच्या गाडीनं गेली. ग्रुपवर आता कुणी काही लिहीत नाही. रडणं थांबल्याचंही कुणी लिहिलं नाही, ते असो.

मला माणसांबद्दल फार कडू झालं होतं. पैसे मोजून घेतलेला सल्ला खोटा निघाला, पैसे मोजून आणलेलं पिल्लू हातात मेलं. तुम्ही कपभर चहावर दोन तास फरशीवर बसलात आणि तुमच्या सोयीचं नसलेलं खरं सांगितलंत. अशी माणसं गावात असतात, फक्त त्यांच्या पाट्या लागलेल्या नसतात. तुमची पोर लिंब गावी एका मळ्यात गेली, तिथं तिला खेळायला तिच्याच वयाचा जोडीदार आहे, हे कळलं तेव्हा माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं.

तुम्ही "येतो" म्हणून गेला आहात, तेव्हा आता या. संकष्टी सोडून कुठल्याही रविवारी या, भाकरी-पिठलं करते. आणि येताना हात धुऊन येऊ नका. आठ-दहा कुत्र्यांचा वास असतो त्या हातांना. खंड्याला तेवढी सोबत पुरते.

तुमची,
खंड्याच्या घरची ताई
सातारा